विद्यापीठाची पत आणि घोडनदीचा काठ

विद्यापीठावर लिहावयाचे तर लिहिणाराच्या नावापुढे निदान दोन-चार अक्षरे असावीत, असा आपल्याकडे रिवाज आहे. माझ्या नावापुढे काही नाही. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे हल्लीच्या भाषेत दहावी. त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका. तिच्या जोरावर शिरूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत नोकरी करतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. सासुरवाड दौंडची, त्यामुळे भीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन्ही तालुके पायांखालचे आहेत. विद्यापीठाशी माझा संबंध मात्र बाहेरूनच. पण देवळाचा कळस गाभाऱ्यातून दिसत नाही, तो रस्त्यावरूनच दिसतो. एवढ्या आधारावर हे लिहितो. दिवाळीच्या फराळात हे थोडे कारले वाढतो आहे खरे, पण करंज्या-अनारसे या अंकात इतरांनी पुष्कळ वाढले असतील.

२०२५ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी प्रसिद्ध झाली आणि पुण्याच्या वर्तमानपत्रांनी सुतक पाळले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आदल्या वर्षी देशातल्या विद्यापीठांत २३ वे होते, ते ५६ वे झाले. २०१८ साली हेच विद्यापीठ ९ वे होते. अधिसभेत प्रश्न झाले, माजी विद्यार्थ्यांनी पत्रे लिहिली, रिकाम्या राहिलेल्या प्राध्यापकांच्या जागांवर पुन्हा एकदा चर्चा झाली. आमच्या शिरूरच्या बाजारात त्या दिवशी कांद्याच्या भावाखेरीज दुसरी चर्चा नव्हती. शिक्षकांच्या खोलीत कोणी तरी बातमी वाचली आणि दुसरा म्हणाला, “त्यांचा नंबर वर गेला काय अन् खाली गेला काय, आपल्या पोरांना काय फरक पडतो?” सगळ्यांनी माना डोलावल्या. ही मान डोलावणीच मला खटकली. फरक पडतो, आणि पुण्याच्या पोरांपेक्षा आमच्या पोरांना अधिक पडतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी ती यादी कशी तयार होते ते पाहू. शंभर गुणांपैकी तीस अध्यापन आणि साधनसामग्रीला, तीस संशोधनाला, वीस विद्यार्थ्यांच्या निकालांना व पुढच्या वाटचालीला, दहा सर्वसमावेशकतेला आणि उरलेले दहा लौकिकाला. लौकिकाचे गुण म्हणजे देशातल्या विद्वानांना आणि मोठ्या मालकवर्गाला विचारावयाचे, की या संस्थेविषयी तुमचे मत काय? समीक्षेच्या भाषेत बोलावयाचे तर पुस्तकाला शंभरातले दहा गुण ते न वाचलेल्यांच्या मतावर द्यावयाचे. आम्हा कादंबरीकारांना हा प्रकार नवा नाही. पण खरी मेख याहून पुढे आहे. हे गुण विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांना मिळतात. संलग्न महाविद्यालयांची यादी वेगळी. म्हणजे शिरूरचे बोरा महाविद्यालय किंवा दौंडचे कटारिया महाविद्यालय यांच्या वर्गांत काय शिकवले जाते, कोण शिकते, याचा गणेशखिंडीच्या क्रमांकाशी संबंध नाही. पुणे, नगर (आता अहिल्यानगर) आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतली लाखो मुले ज्या विद्यापीठाचे नाव पदवीवर लावतात, त्या विद्यापीठाची किंमत करताना ती मुले तागडीत नसतातच.

आणि तरीही तो क्रमांक त्यांचाच आहे. का, ते सांगतो.

घोडनदी ही जुनी बाजारपेठ. पूर्वीच्या काळी पेढीची हुंडी चाले. हुंडी म्हणजे कागदाचा कपटा. त्याची किंमत कागदावर नसे, ज्या पेढीचे नाव त्यावर असे तिच्या पतीवर असे. पेढीची पत बुडाली की श्रीमंत गिऱ्हाइकाचे थोडे नुकसान होई, कारण त्याचे पैसे चार ठिकाणी असत. ज्याची सगळी पुंजी त्या एका कागदात असे तो मात्र देशोधडीला लागे. पदवीचे तेच आहे. प्रभात रस्त्यावरच्या मुलाजवळ पदवीखेरीज इंग्रजी असते, आडनाव असते, मामा-काका असतात. मांडवगणच्या कांदेवाल्याची किंवा दौंडच्या रेल्वे खलाशाची मुलगी मुलाखतीला जाते तेव्हा तिच्या पिशवीत एकच कागद असतो. महाविद्यालयाचे नाव वाचून समोरचा साहेब “हे कुठे आले?” असे विचारतो, वरचे विद्यापीठाचे नाव वाचल्यावर तो प्रश्न थांबतो. विद्यापीठाची पत ही त्या मुलीने उसनी घेतलेली पत आहे. ती पत कमी झाली तर गणेशखिंडीतला प्राध्यापक खेद प्रकट करील. मुलीची नोकरी जाईल.

ही गोष्ट विद्यापीठ स्थापणाऱ्यांच्या मनात होती असे दिसते. त्याआधी पुण्याची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या, म्हणजे १८५७ सालच्या छत्राखाली होती. महाराष्ट्राला स्वतःचे विद्यापीठ हवे, या मागणीवर बॅ. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने विचार केला आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ उभे राहिले. पहिले कुलगुरूही जयकरच झाले. जागा मिळाली ती गव्हर्नरसाहेबाच्या पावसाळी वाड्याची. याच वाड्यात २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या साठीची मेजवानी झाली आणि तेथून परतताना रँडसाहेब चाफेकरांच्या गोळीला बळी पडला. लाटसाहेबाच्या नाचाच्या दिवाणखान्याशी पुढे सरस्वतीने बिऱ्हाड मांडावे, हा काव्यगत न्याय मराठी माणसाला फारच आवडला असणार. आरंभी या विद्यापीठाकडे बारा जिल्हे होते. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, १९९० मध्ये खानदेशचे वेगळे झाले, आणि आता तीन उरले. तीनांतही नगर-नाशिकच्या वेगळेपणाची भाषा अधूनमधून निघतेच.

या व्यवस्थेची एक खूण मला फार मोलाची वाटत आली आहे: एकच प्रश्नपत्रिका. ठरल्या दिवशी, ठरल्या घटकेला, पुण्याच्या नामांकित महाविद्यालयातला मुलगा आणि दौंडच्या कॉलेजातली मुलगी एकच कागद उलगडीत. त्याला आजोबांनी इंग्रजी शिकवलेले असे, तिला सकाळी धार काढून यावे लागे. पण प्रश्न तेच, तपासणारा अनोळखी, आणि निकालपत्रावर सही एकाच माणसाची. आपल्या समाजात जिथे पंगत, पाणवठा आणि स्मशान एक होता होईना, तिथे हा कागद एक होता. याचे महत्त्व ज्यांना पंगतीत कधी उठवले गेले नाही त्यांना कळणे अवघड आहे.

आता हे मोडावयाचे घाटत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात महाविद्यालये विद्यापीठांना संलग्न ठेवण्याची पद्धत पंधरा वर्षांत क्रमाक्रमाने संपवावी असे म्हटले आहे. प्रत्येक महाविद्यालयाने हळूहळू स्वायत्त व्हावयाचे, स्वतःचा अभ्यासक्रम, स्वतःची परीक्षा, अखेर स्वतःची पदवी. फर्ग्युसनसारखी महाविद्यालये आजच स्वायत्त आहेत आणि त्यांना ते शोभते. त्यांचे नाव विद्यापीठाहून जुने आहे. संलग्नतेचे दोषही मी नाकारीत नाही. परीक्षा आणि निकाल यांच्या रामरगाड्यात विद्यापीठ म्हणजे एक मोठे परीक्षा-कार्यालय होऊन बसते. मुले पुस्तकाऐवजी गाईड वाचतात. एका आवारात बसून ठरवलेला अभ्यासक्रम दुष्काळी गावालाही तोच आणि द्राक्षांच्या गावालाही तोच. हे सगळे खरे. पण आमच्या तालुक्याच्या कॉलेजाने उद्या स्वतःच्या नावाची पदवी दिली तर ती हुंडी कोणत्या पेढीवर वटणार? शहाण्यांनी याचे उत्तर दिलेले माझ्या वाचनात नाही. स्वायत्तता ही ज्याच्या घरात धान्य आहे त्याला वेगळी चूल मांडण्याची मुभा आहे. ज्याच्या घरात नाही त्याला ती वाटणी नव्हे, घराबाहेर काढणे आहे.

आमच्याकडच्या मुलींचा विचार तर या वादात कोणी करीतच नाही. बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो, म्हणून मुलगी शाळेत टिकते. पुढे “पुण्याला ठेवणार नाही, पण इथल्या इथे शिकत असली तर शिकू दे” असे म्हणणारे बाप मी शेकड्यांनी पाहिले आहेत. त्या बापांना मागासलेले म्हणून हिणवणे सोपे आहे. पण वसतिगृहाचा खर्च, रात्रीची एसटी आणि भावकीची तोंडे यांचा हिशेब तेच करीत असतात. त्या मुलीच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे शिरूरचे किंवा दौंडचे कॉलेज. गणेशखिंडीतला मनोरा तिने छायाचित्रातच पाहिलेला असतो. ज्या बाईचे नाव २०१४ साली या विद्यापीठाला दिले, त्या सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये शिकवावयास प्रारंभ केला तो मुलींच्या घरापासून चालत येण्याजोग्या अंतरावर, पुण्याच्या पेठेत. नाव घेतले तर हे अंतरही लक्षात ठेवावयास हवे.

मराठी कादंबरीने या प्रश्नाची दोन उत्तरे देऊन ठेवली आहेत आणि साहित्याच्या अंकात त्यांचा उल्लेख अस्थानी होणार नाही. नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ ची. तिचा पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकावयास येतो आणि अखेर गावी परततो; शहरातल्या शिक्षणाचा पोकळपणा त्याच्याइतका नेमका दुसऱ्या कोणी दाखवला नाही. आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ ची. कागलच्या शेतात बापाशी झगडून एक पोरगा मॅट्रिकपर्यंत कसा पोचतो, एवढीच तिची कथा. आणि तो पोरगा पुढे याच पुणे विद्यापीठात मराठीचा विभागप्रमुख झाला. पांडुरंगाला शिक्षण सोडावेसे वाटते, कारण ते त्याला मिळालेले आहे. आंद्याला ते हवे आहे, कारण ते मिळत नाही. समीक्षक ‘कोसला’ची थोरवी अधिक गातात आणि वाङ्मय म्हणून ती थोर आहेच. पण शिरूर-दौंडच्या बाजूने पाहावयाचे तर माझे मत ‘झोंबी’ला. शिक्षण पोकळ आहे, हे कळण्याइतके शिक्षण आधी पदरात पडावे लागते.

इथपर्यंत पतीविषयी झाले. पण पेढीला केवळ हुंड्या वटवून भागत नाही. तिने गावात भांडवलही फिरवावे लागते. विद्यापीठाने, आणि त्याच्या कुटुंबातल्या संस्थांनी, आमच्या भागातून काय नेले आणि काय परत दिले? इथे मला इनामगावची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे.

इनामगाव आमच्याच तालुक्यातले, घोडनदीच्या काठचे. १९६८ मध्ये डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथल्या पांढरीवर कुदळ मारली. डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यांतली नावे. डेक्कन कॉलेज आज स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे. त्या काळी ते पुणे विद्यापीठाच्याच छायेत होते. दहा-बारा हंगाम ते खोदकाम चालले आणि मातीखालून जे वर आले त्याने महाराष्ट्राच्या इतिहासाचे पहिले पान नव्याने लिहावे लागले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तिथे शेतकऱ्यांचे गाव नांदत होते. ते जव पिकवीत, गुरे पाळीत, तांबड्या अंगावर काळी नक्षी काढलेली तोटीची भांडी घडवीत. नदीचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी बांध घालून पाट काढला होता. गावात एक पाच खोल्यांचे घर सापडले आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. पाटील तेव्हाही होता आणि कोठार त्याच्याच घराशेजारी होते, हे ऐकून आमच्या गावकऱ्यांना मुळीच नवल वाटत नाही. मूल गेले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. सणाच्या दिवशी हे सांगावे की नाही असे वाटले, पण आपले लेकरू उंबऱ्याबाहेर जाऊ न देणारी ती आई मला फार जवळची वाटते.

या गोष्टीतला खरा आमचा भाग पुढेच आहे. इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास त्या गावाचे दिवस फिरले. चौकोनी ऐसपैस घरे गेली आणि लहान वाटोळ्या झोपड्या आल्या. शेती आखडली, शिकार वाढली, आणि ७०० च्या सुमारास गाव उठून गेले. पाऊसमान बिघडले, अवर्षण आले, म्हणून हे घडले असा ढवळीकरांचा निष्कर्ष. एवढे वाचल्यावर मी पुस्तक खाली ठेवून बाहेर पाहिले होते. आमचे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले. चासकमानच्या आणि खडकवासल्याच्या कालव्यांकडे डोळे लावून बसणारे. दुष्काळात गाव उठण्याची गोष्ट आम्हाला आजोबांनी सांगितलेली असते. ती तीन हजार वर्षांची जुनी आहे, हे विद्येने सांगितले. अशी गोष्ट सांगणे हेच विद्यापीठाचे काम आणि ते त्याच्या माणसांनी उत्तम केले, याबद्दल माझ्या मनात नुसता आदर आहे.

पण ती कोणाला सांगितली? मोठा अहवाल १९८८ साली निघाला, तो इंग्रजीत. वस्तू पुण्याला, येरवड्याच्या बाजूला, कॉलेजच्या संग्रहालयात. ढवळीकरांनी ‘महाराष्ट्राची कुळकथा’ हे पुस्तक मराठीत लिहिले, ही त्यांची थोरवी. नाहीतर माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याला यातले काही कळलेच नसते. मी वर्गात फळ्यावर त्या तोटीच्या भांड्याची आकृती काढतो. मुले ती वहीत उतरवतात आणि विचारतात, “सर, हे इजिप्तचं का?” इजिप्त त्यांच्या पुस्तकात आहे, इनामगाव नाही. कालव्याच्या भाषेत टेलचा शेतकरी म्हणून जो असतो, त्याच्यासारखी ही अवस्था. धरणासाठी जमीन दिली, आवर्तन सुटल्याची बातमीही ऐकली, पण पाणी शेवटच्या चारीपर्यंत आले नाही.

विद्येचे पाणी शेवटच्या चारीपर्यंत नेता येते याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. इनामगावच्या बाजूने न्हावऱ्याला आलात आणि चौफुल्याची वाट धरून भीमा ओलांडलीत की दौंड तालुक्यातले केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी या बाईला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे तिने स्त्रीशिक्षणावर साक्ष दिली. त्या लौकिकावर ती कुठल्याही शहरात मानाने राहिली असती. तिने केडगावच्या माळावर विहिरी खणल्या आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून बायका-पोरी गोळा करून आणल्या. त्यांना वाचावयास, विणावयास, शेत राखावयास आणि छापखाना चालवावयास शिकवले. तिच्या धर्मांतराविषयी ज्याला जे म्हणावयाचे ते त्याने म्हणावे. तो वाद शंभर वर्षांत संपला नाही, आज फराळापूर्वी संपणार नाही. मला दिसते ते एवढेच, की ग्रीक आणि हिब्रू शिकून तिने केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच माळावर, त्याच बायकांच्या हातांनी खिळे जुळवून छापले गेले. १९२२ मध्ये ती गेली, ग्रंथ १९२४ मध्ये पुरा झाला. हिब्रूपासून केडगावपर्यंत विद्या आली, आणि आल्यावर तिने दुष्काळातल्या बाईच्या हाताला काम दिले.

विद्यापीठाच्या स्वतःच्या माणसांतही अशी उदाहरणे आहेत. धनंजयराव गाडगीळ १९६६ मध्ये कुलगुरू झाले. पण त्याआधी नगर जिल्ह्यातल्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने सहकारी साखर कारखाना उभा करताना ते त्याचे अध्यक्ष म्हणून बसले होते. कारखान्यांचे पुढे काय झाले तो निराळा अध्याय आहे आणि आमच्या दोन्ही तालुक्यांत तो सगळ्यांना पाठ आहे. पण अर्थशास्त्राचा एवढा मोठा पंडित उसाच्या फडात येऊन हिशेब समजावतो, याचा शेतकऱ्याला वाटलेला विश्वास खोटा नव्हता. जो करून दाखवतो तोच पंडित, अशा अर्थाचे ब्रीद या विद्यापीठाने आपल्या मुद्रेवर घातले आहे. ते ब्रीद गाडगिळांना लागू पडत होते.

म्हणून माझी तक्रार क्रमवारीच्या घसरगुंडीबद्दल आहे, आणि ती दुरुस्त करण्याच्या ज्या युक्त्या ऐकू येतात त्यांच्याबद्दल त्याहून अधिक आहे. विभागांना माणसे द्यावीत, रिकाम्या जागा भराव्यात, हे योग्यच. आमच्या मुलीच्या कागदाची किंमत त्यावर अवलंबून आहे. पण संलग्न महाविद्यालये हे ओझे आहे, ते उतरले की विद्यापीठ वर येईल, हा युक्तिवाद मी सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला आहे. त्यांना विचारावेसे वाटते, वर येऊन करणार काय? पाणी धरणातच ठेवले तर धरण भरलेले दिसते, हे कोणत्याही शाखा अभियंत्याला ठाऊक आहे.

विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची एक जुनी योजना आहे. पहिल्या कुलगुरूंच्या नावाने, डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला म्हणून, महाविद्यालयांत व्याख्याने होतात. कल्पना फार चांगली. प्रत्यक्षात पुष्कळदा असे होते की वक्ते दुपारी येतात, ‘व्यक्तिमत्त्व विकास’ किंवा ‘तरुणांपुढील आव्हाने’ यावर तास-दीड तास बोलतात, शाल-श्रीफळ घेतात आणि उजेड असेतो वाघोलीच्या गर्दीत सापडू नये म्हणून निघतात. मुले टाळ्या वाजवतात. एका वर्षी तरी शिरूरला इनामगाव हा विषय ठेवावा, दौंडला रमाबाईंचा छापखाना. वक्त्याने मराठीत बोलावे, बरोबर दोन-चार भांड्यांच्या प्रतिकृती आणाव्यात, आणि श्रोत्यांत कॉलेजच्या मुलांबरोबर गावच्या शाळेची मुले आणि जमल्यास पाटाची पाळी सांभाळून आलेले दोन शेतकरीही असावेत. व्याख्यानांचे दिवस दिवाळीनंतर, थंडीत येतात. दोन्ही गावच्या प्राचार्यांनी विषय कळवण्याआधी हा अंक त्यांच्या हाती पडावा, अशा बेताने मी हे लिहून संपादकांकडे वेळेत पोचते केले आहे. प्रतिकृतींचे रंगकाम करावयाचे असेल तर माझ्या नववीच्या वर्गाची तयारी आहे.